रिबिनीच्या वर

गुरुवारी सकाळी पोह्यांचा डबा काढायला माझा उजवा हात वर गेला, आणि डबा ओट्यावर ठेवून झाल्यावर मला कळलं की गेला तो उजवा हात होता. मी तशीच उभी राहिले. खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या गॅरेजसमोर बर्फ साचलं होतं, स्कूलबस येऊन गेली होती, सत्यजितचा कसलातरी कॉल वरच्या खोलीत सुरू होता. म्हणजे जगात काही झालेलं नव्हतं. पण वरच्या फळीवरचा तो डबा गेले चौदा महिने सत्यजित काढून देत होता, नाहीतर केया, नाहीतर मी स्टुलावर चढून डाव्या हातानं. आज हात मला न विचारता गेला होता. पुन्हा एकदा मुद्दाम करून बघावं असं वाटलं, आणि लगेच वाटलं, नको, हात दाखवून अवलक्षण कशाला. मुद्दाम केलं आणि नाही जमलं तर? तो डबा मी दिवसभर तिथंच ओट्यावर ठेवला. पोहेही केले नाहीत. नुसता चहा पीत त्याच्याकडे बघत बसले, आणि टीममधल्या कुणीतरी "नीलांबरी, यू देअर?" असं तीनदा विचारेपर्यंत लॅपटॉपकडे बघितलं नाही.

खांदा आखडणं म्हणजे काय हे ज्याचा आखडलाय त्यालाच कळतं. बाकीचे म्हणतात, बाम लाव. डॉक्टर म्हणाला, फ्रोझन शोल्डर, बायकांना या वयात होतं. माझं वय सत्तेचाळीस. या वयात बायकांना काय काय होतं याची एक यादीच त्यानं भिंतीवर लावून ठेवली होती, आणि मी ती वाचत असताना तो माझा हात कोपरापासून धरून बाजूला नेत होता आणि मी ओरडत होते. त्यानंतर मला केस बांधता येईनात. मागचे हूक लावता येईनात. गणपतीत इथल्या, ओहायोतल्या डब्लिनच्या मंडळात आरतीला सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी कमरेपाशी दोन बोटं दुसऱ्या हातावर आपटत उभी होते. एका काकूंना ते फारच भक्तिभावाचं वाटलं. सकाळी केया माझा पोनीटेल बांधून द्यायची. पहिला महिनाभर तिनं प्रेमानं बांधला, नंतर बस चुकायला नको म्हणून बांधला. पंधरा वर्षांच्या पोरीपुढे मान खाली घालून बसताना मला लाज वाटायची. कुणापाशी बोलले नाही, पण रोज वाटायची. आपलं शरीर आता आपलं राहिलं नाही, ते एकेक खोली बंद करत चाललंय, आणि मी दार ढकलणंही सोडून दिलंय, असं काहीतरी वाटायचं.

सोडून देऊ दिलं नाही ते लारिसानं. लारिसा माझी फिजिओ. साठीला आलेली, व्होल्गाकाठच्या कुठल्याशा गावची, पंचवीस वर्षं ओहायोत असलेली. दंड असे, की तालमीतला वस्ताद बाजूला व्हावा. गावाचं नाव सांगताना ती हल्ली आधी जरा थांबायची, समोरच्याचा चेहरा बघायची आणि मग सांगायची. बातम्यांवर ती बोलत नसे आणि मी विचारत नसे. तिच्या खोलीत एक भिंत होती आणि भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा. मी बोटांनी ती भिंत चढायची, पहिलं बोट, दुसरं बोट, खेकड्यासारखी, आणि जिथं थांबेन तिथं लारिसा रेघ मारायची. "वर," ती म्हणायची. "आणखी वर. खांदा तुझा आहे, भिंत माझी आहे, आज भिंत जिंकणार नाही." एका आठवड्यात अर्धं बोट. दुसऱ्यात तेही नाही. दुखायला लागलं की ती माझा दंड घट्ट धरून बोलायला लागे, म्हणजे माझं लक्ष तिकडं जावं, आणि बोलायला तिच्याकडं सण होते. सजवलेल्या झाडाचं नवं वर्ष, त्या रात्रीची ती बटाट्या-अंड्यांची मेयोनीजमध्ये बुडालेली कोशिंबीर. मग सात जानेवारीचा त्यांचा नाताळ. मग तेरा जानेवारीच्या रात्री जुन्या कॅलेंडरप्रमाणे पुन्हा नवं वर्ष. "एकच वर्ष दोनदा सुरू करतो आम्ही," ती म्हणाली, "पहिल्यांदा बिघडलं तर असावं." आठ मार्चला पुरुष बायकांना फुलं देतात, पण मोजून विषम, कारण सम फुलं मेलेल्याला. आणि मास्लेनित्सा. थंडीला निरोप द्यायचा आठवडा, रोज लोण्यात बुडवलेले ब्लिनी, म्हणजे आपली पातळ धिरडीच. बुधवारी सासूनं जावयाला बोलावून खाऊ घालायचे. शनिवारी सुनेनं नणंदांना. रविवारी ज्यानं त्यानं भेटेल त्याची माफी मागायची आणि गवताची बाई जाळायची. मी म्हटलं, आमच्याकडे जावयाला वर्षभर खाऊ घालतात आणि माफी कुणीच मागत नाही. ती एवढी हसली की माझा दंड तिच्या हातातून सुटला.

आणि त्याच दिवशी तिनं खांबाचं सांगितलं. मैदानात एक उंच, तासून गुळगुळीत केलेला खांब पुरतात. वर एक चाक, चाकाला बक्षिसं टांगलेली. पुरुष थंडीत उघड्या अंगानं चढतात आणि जो पोचेल तो घेऊन येतो. माझा दंड लारिसाच्या मुठीत आवळला गेला. तिला वाटलं दुखलं. "सॉरी, सॉरी," म्हणत तिनं हात सोडला. मला दुखलं नव्हतं. मला मिरजेतली दुपार आठवली होती.

मिरजेत आमच्या गल्लीच्या टोकाला व्यायामशाळा होती. आत मल्लखांब. शिसवी, काळाभोर, वर मान आणि मानेवर बोंड. माझा थोरला भाऊ प्रल्हाद त्याच्यावर असा चढायचा की खांबच खाली चाललाय की काय वाटावं. आम्हा मुलींना दोरी. दोरीचा मल्लखांब वाईट असतो असं नाही, पायाच्या अंगठ्यात दोरी धरून मीही तोंडात बोटं घालायला लावणारी आसनं करायची. पण मला खांब हवा होता. मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "खांबाला मिठी मारावी लागते. मुलींना ते बरं दिसत नाही." एवढंच. रागावले नाहीत की काही नाही, सूर्य पूर्वेला उगवतो तसं सांगितलं. मी अकरा वर्षांची होते. रोज संध्याकाळी खांबाला एरंडेल लावायचं काम मात्र माझ्याकडे होतं, कारण मी नीट, एकसारखं लावायची. तेव्हा तो खांब माझ्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. कुठं गाठ आहे, कुठं बारीक चीर आहे, मानेपाशी कुठं हात बसतो, सगळं तळव्यांना पाठ. आणि मे महिन्यातल्या एका दुपारी, सगळे झोपलेले असताना, मी फ्रॉक खोचला आणि चढले. अर्ध्यापर्यंत. पाय कसे गुंफायचे, मांड्यांची अढी कशी घालायची, हे मी कधी केलं नव्हतं, नुसतं बघितलं होतं, आणि शरीर म्हणालं, हो, हे असंच. तेवढ्यात फाटकापाशी सायकल वाजली आणि मी घसरत खाली आले. कुणी बघितलं नाही. पण रोज हातांनाच लागणारं एरंडेल त्या दिवशी फ्रॉकभर पुसलं गेलं होतं, आणि तो वास काही फ्रॉकमधून जात नाही. आईनं फ्रॉक नाकाशी धरला, माझ्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून दोरीही बंद. प्रल्हाद पुढे राज्य पातळीवर गेला. मी इंजिनिअरिंगला गेले, पुण्याला, मग हैदराबादला, मग इथं. माझं काही वाईट झालं नाही. पण आयुष्यभर विजेचा खांब दिसला, झेंड्याचा दिसला, कुठल्या हॉटेलच्या लॉबीतला उगाच उभा केलेला गोल खांब दिसला, की मी मनात त्याचा घेर मोजते. माझी अढी बसेल की नाही. ही गोष्ट मी सत्यजितला लग्नाच्या बावीस वर्षांत सांगितलेली नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात?

तर गुरुवारी तो डबा, आणि शुक्रवारी लारिसाच्या भिंतीवर शेवटची रेघ. तिनं स्वतःच्या डोक्याच्या वर कुठंतरी मारलेली खूण माझ्या बोटांनी ओलांडली. लारिसानं पेन्सिल खिशात ठेवली, म्हणाली, "संपलं. आता माझ्याकडे यायचं नाही. रविवारी पार्कात ये, ब्लिनी खा, नवऱ्याला आण." मी हो म्हटलं. ब्लिनीसाठी नव्हे. दोन दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. मी पुरणपोळ्या केल्या, कारण रिकाम्या हातानं जाववत नाही आणि गवताची बाई जाळणार म्हणजे आपली होळीच की, पण पुरण वाटताना, पोळी लाटताना मी फक्त खांबाचा विचार करत होते. किती जाड असेल. लाकूड कसलं असेल. वेडेपणा आहे हे मला कळत होतं. चौदा महिन्यांनी हात कसाबसा वर जायला लागलेली बाई. अठ्ठावन्न किलोंची आता एकाहत्तर झालेली. पण मला चढायचं होतं. एकदा, वरपर्यंत. ते जमलं नाही तर मी मेले नसते, पण मग ती इच्छा मेली असती, आणि तिच्याशिवाय मी कोण, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी शोधायचं नव्हतं.

नदीकाठच्या पार्कात गुडघ्याखालपर्यंत बर्फ आणि वर लख्ख ऊन. फुलाफुलांचे रुमाल बांधलेल्या बायका, अकॉर्डियन, धूर सोडणारा चहाचा समोवार, तव्यांवर ब्लिनींच्या चळती आणि शेजारी वितळलेल्या लोण्याची पातेली. गवताची बाई लांब झगा घालून मधोमध उभी, तिला अजून कुणी पेटवली नव्हती. आणि तिच्यापलीकडं खांब. मी गाडीतून उतरल्यावर पहिल्यांदा तो बघितला, मग बाकीचं. पंचवीस-तीस फूट असेल. जुना विजेचा खांबच तासून, पॉलिश कागदानं घासून उभा केलेला, बुडाशी गवताचे भारे आणि जिमच्या गाद्या. वर चाक, चाकाला समोवार, लोकर दाबून केलेल्या नमद्याचे उंच करडे बूट आणि कापसाचा कोंबडा. पूर्वी खरा असायचा म्हणे, पण काऊंटी परवानगी देत नाही. बरोबर मध्यावर लाल रिबीन बांधली होती. माइकवर गेन्नादी नावाचा एक दाढीवाला ट्रकवाला आधी रशियनमध्ये आणि मग इंग्लिशमध्ये ओरडत होता: बायका आणि मुलांनी रिबिनीपर्यंत यायचं, हात लावला की बाहुली मिळेल. पुरुषांनी वरपर्यंत.

म्हणजे इथंही. मी हसले. काय करणार. मिरजेत दोरी, ओहायोत रिबीन.

पोरं चढत होती आणि पडत होती. चोवीस-पंचवीसची तगडी पोरं, शर्ट काढून, छाती लाल झालेली. ती बिचारी हातांनी चढत होती. दहा-बारा फूट सपासप जायची, मग दंड थरथरायचे आणि कमरेच्या पट्ट्याला बांधलेल्या दोरावर लोंबकळत खाली यायची. खाली आल्यावर खांबावर बर्फ आहे म्हणायची. नाचता येईना अंगण वाकडं, हे रशियनमध्येही असणार. लोणी लावलेला ब्लिन हातात घेऊन मी ते बघत होते आणि माझ्या मांड्या आपोआप आवळल्या जात होत्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच.

मग लारिसा आली. रुमाल बांधलेली, गाल तापलेले. तिनं माझ्या हातातला ब्लिन काढून सत्यजितच्या हातात दिला, माझ्यासमोर सरळ उभी राहिली आणि कमरेत वाकली. "नीलांबरी, मला माफ कर. अकरा महिने मी तुला दुखवलं." कुणी माझी अशी माफी मागितलेली नव्हती, चूक असताना नाही आणि नसताना तर नाहीच. तिनंच पुढचं शिकवलं: देव माफ करतो, आणि मीही करते, असं म्हणायचं. मी म्हटलं. मग मीही तिची माफी मागितली, कारण तिच्या भिंतीला मी मराठीत काय काय म्हटलं होतं ते तिला माहीत नव्हतं. तिनं माझ्या गालांचे तीनदा मुके घेतले. माझे डोळे भरले. आजूबाजूला सगळेच एकमेकांना हेच म्हणत होते, म्हातारे, पोरं, भांडलेले, न भांडलेले. माझ्या मनात आलं, सरांचं काय? सर जाऊन बारा वर्षं झाली. मी त्यांना माफ करून बघितलं. नाही झालं. मग ठरवलं, नाही करायचं. सण त्यांचा आहे, राग माझा आहे. आणि मी लारिसाला म्हटलं, "मला चढायचंय. रिबिनीपर्यंत नाही. वर."

लारिसानं मला विचारलं नाही की का. तिनं भर गर्दीत माझं जॅकेट काढायला लावलं, उजवा हात धरून वर नेला, बाजूला नेला, मागं फिरवला, बोटानं खांद्याच्या खोबणीत दाबलं, आणि माझा चेहरा बघितला. "हातानं लोंबकळायचं नाही," ती म्हणाली. "पायांनी."

"ते मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे," मी म्हटलं.

"नीलू, वेडी झालीस का?" सत्यजित दोन्ही हातांत ब्लिनी घेऊन उभा होता. "आत्ता कुठं हात वर जायला लागलाय तुझा. पुन्हा गेला म्हणजे? मंगळवारी रिलीज आहे तुझं."

"आई, प्लीज," केया हळू आवाजात म्हणाली. "पीपल आर फिल्मिंग."

"करू देत," मी म्हटलं. टेबलावरचा कागद घेतला, आमचं काही झालं तर आमचे आम्ही जबाबदार वगैरे, आणि सही केली. इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये सत्यजित लिहिलं. तो शेजारीच उभा होता आणि वाचत होता.

आणि मग मी ते केलं, जे तिथल्या एकाही माणसानं केलं नसतं. बूटमोजे काढले, बर्फात अनवाणी चालत ब्लिनींच्या टेबलाशी गेले, लोण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवले आणि लेगिंग्ज वर सारून तळव्यांना, पोटऱ्यांना, मनगटांना चांगलं चोळलं. खांबाला तेल लागतंच ना! तेलाशिवाय खांबावर कोण चढतं? छत्तीस वर्षांत हात विसरले नव्हते, फक्त एरंडेल कुठलं आणि लोणी कुठलं एवढं विसरले होते. लोक "नो, नो!" म्हणत होते. एक बाई तर टॉवेल घेऊन धावली. मला वाटलं, यांना काय कळतंय. मी खांबाला हात लावून तो कपाळाला लावला, मागं सरकले, मांडीवर शड्डू ठोकला. तो आवाज एवढा घुमला की अकॉर्डियनवाला थांबला. पट्टा बांधून घेतला, उडी मारून खांबाला मिठी घातली, आणि लेगिंग्जसकट, लोण्यासकट, सावकाश, राजेशाही थाटात, सुर्रकन खाली येऊन गवतात बसले.

सगळं पार्क हसलं. मुलं हसली, म्हातारे हसले, गेन्नादी माइकमध्ये हसला. "पहिला ब्लिन नेहमी गोळाच होतो!" तो ओरडला. आमच्याकडेही पहिलं घावन तव्यालाच जातं, पण ते मला त्या क्षणी आठवलं नाही. माझे कान तापले होते. मी गवतात बसून खांबाकडे बघत होते आणि मला ठाऊक होतं की आता उठून, हसून, हात झटकून गाडीपाशी जाता येईल. सगळे टाळ्या वाजवतील. छान सपोर्टिव्ह लोक आहेत. मंडळात ही गोष्ट मीच रंगवून सांगेन, पिकनिकला, पॉटलकला, दहा वर्षं. आणि मला त्या गोष्टीचा एवढा राग आला, जी अजून मी सांगितलीही नव्हती, की डोळ्यांपुढं अंधारलं. आयुष्यभर मी स्वतःवर हसून बाजूला झाले होते. सत्यजित मला उठवायला पुढं आला. मी त्याचा हात घेतला नाही.

केया कुठं दिसेना. लाजून गाडीत जाऊन बसली असेल असं मला वाटलं. तेवढ्यात ती बर्फातून पळत आली, हातात तिची व्हॉलीबॉलची बॅग. "लेगिंग्ज स्लिप होतायत, आई," ती धापा टाकत म्हणाली. "यू नीड स्किन. टेक माय शॉर्ट्स." आणि मग, माझ्याकडं न बघता, बॅगची चेन काढत, "बटर वॉज सो डम, बट द स्लॅप वॉज अमेझिंग."

मी माझ्या लेकीच्या वीतभर काळ्या शॉर्ट्स गाडीत बसून घातल्या. फ्रॉकला एरंडेलाचा वास आला म्हणून ज्या घरात दोरीही बंद झाली, त्या घरातली मी. बाहेर आले तेव्हा उघड्या मांड्यांना थंडी चावली, आणि कुणी काय बघतंय हे मला दिसेनासं झालं. लारिसा समोवारखालची राख घेऊन उभीच होती. आम्ही दोघींनी मिळून माझे हातपाय घासले, पितळेची भांडी घासतो तसे. लोणी निघालं. त्वचा कोरडी, करकरीत झाली. केयानं न सांगता माझे केस घट्ट बांधले, घाई न करता.

दुसऱ्यांदा मी शड्डू ठोकला नाही. गुडघे खांबाला लावले, घोटे गुंफले, मांड्या आवळल्या आणि हात सोडून बघितले. अढी बसली. लाकूड बर्फासारखं नव्हतं, विस्तवासारखं होतं, पण धरत होतं, खांब मला धरत होता आणि मी खांबाला. मग वेल, म्हणजे खांबाला वेलासारखं बिलगून वर सरकत जाणं. हात वर, गुडघे वर, आवळ, हात वर. घाई नाही. डावा, उजवा. उजव्याला मी फक्त सोबतीला ठेवलं, जोर सगळा पायांचा. पोटऱ्यांची सालं निघत होती ते कळत होतं. खालचे आवाज पातळ होत गेले. श्वास मोठा होत गेला, माझा श्वास, मी तो इतका जवळून कधी ऐकला नव्हता. शाळेची घंटा, मिरज स्टेशनवरचा चहा, केया झाली तेव्हाची खोली, ऑफिसमधलं कुणाचं तरी बोलणं, सगळं एकात एक येऊन जात होतं आणि त्यातलं काहीही जड नव्हतं. मग डोळ्यांपुढं लाल काहीतरी फडफडलं. रिबीन. खाली टाळ्या सुरू झाल्या. "व्हेरी गुड!" गेन्नादीचा आवाज. "बास, नीलू, आली रिबीन!" सत्यजितचा. मी रिबिनीला हात लावला नाही. हात तिच्या वर ठेवला, आणि मग गुडघे वर.

टाळ्या बंद झाल्या. मग खालून एक बाईचा आवाज आला, भसाडा, ओळखीचा, "दवाय!" आणि मग दुसरा, मग सगळ्या रुमालवाल्या बायका एकदम, "दवाय! दवाय!" शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता. लारिसानं तो भिंतीपाशी कधी वापरला नव्हता. पण अर्थ कुणी विचारतो का? वर खांब बारीक होत गेला, मांड्यांत नीट बसायला लागला. हाताशी हात, वीत, आणखी वीत. आणि चाक डोक्यावर आलं, पण ते खांबापासून बाहेर आलेलं होतं, आणि बूट उजव्या बाजूला टांगले होते. डाव्या हातानं खांब धरायचा होता. म्हणजे उजवा हात कानाला लावून सरळ वर, आणि वरून बाहेर. मला माझा खांदा चौदा महिन्यांत जेवढा कळला होता तेवढा दुसरा कुठलाच अवयव कळलेला नाही. मी त्याला म्हटलं, चल. तो दुखला. मी म्हटलं, दुख, पण चल. कोपर सरळ झालं, काखेत काहीतरी ताणलं, ताणलं आणि सैल झालं, आणि माझी बोटं नमद्याच्या बुटांवर होती. ऊबदार, खरखरीत. मी दोरीची गाठ ओढली आणि बूट खाली टाकले. एक सत्यजितच्या ब्लिनींवर पडला म्हणे.

जो आरडाओरडा झाला तो मी ऐकला, पण तो दुसऱ्या कुणासाठी चाललाय असं वाटत होतं. मी चाकाखाली आणखी हातभर सरकले, अढी घट्ट केली आणि दोन्ही हात सोडले. दोन्ही हात बाजूला, सरळ, खांद्याच्या रेषेत, आणि मग वर. छाती उघडी, हवा अशी की दात थंड व्हावेत. खाली पांढरं मैदान, काळी नदी, पुलावरून जाणाऱ्या गाड्या, गवताच्या बाईचा रुमाल माझ्या पायांच्या कितीतरी खाली. मी खूप सुखात होते. याला दुसरा शब्द नाही आणि मला तो शोधायचाही नाही. मी वर होते. मला कुणी वर घेतलं नव्हतं, कुणी परवानगी दिली नव्हती, आणि ही काही मनातली गोष्ट नव्हती; पोटऱ्यांतून रक्त येत होतं आणि तीनशे माणसं तोंड वर करून बघत होती.

"रेडी टू कम डाऊन?" गेन्नादी विचारत होता. पट्ट्याचा दोर धरलेले दोघे तयार होते.

"नीलू, झालं ना आता! मिळाले ना बूट!" सत्यजितचा आवाज रडवेला होता, की हसरा, मला वरून कळेना. "उतर ना आता!"

"बाबा, लेट हर!" केया ओरडली.

"उतरेन," मी वरून म्हटलं, अगदी मोठ्यानं, मराठीतच. "उतरेन की. घाई काय आहे?"

आणि मी हात आणखी वर केले, आणि बराच वेळ उतरले नाही.